दोन रंगांचा हिशेब

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचे संपादित रूप)



मी जुळे सोलापुरात राहतो. आमचं मूळ घर विजापूर वेशीजवळ. तिथल्या दोन खोल्यांत माणसं मावेनाशी झाली, तेव्हा नोकरीतले पैसे साठवून मी आसरा पुलाच्या पलीकडे घर बांधलं. बाहेरगावचे पाहुणे नेहमी विचारतात, "जुळे सोलापूर म्हणजे काय हो?" मी सांगतो, "एका शहराला झालेला जुळा भाऊ. चेहरा तोच, कपडे वेगळे." आज मला बोलायचं आहे तेही असंच काहीसं आहे. एकच छायाचित्र आणि त्याला चढवलेले दोन रंग. विषय ऐकायला किरकोळ वाटेल. मलाही तो किरकोळच वाटत होता. पण गेल्या डिसेंबरच्या अखेरीस घरात एक प्रसंग घडला आणि माझं मत बदललं.

माझ्या बहिणीचा मुलगा कॉलेजात शिकतो. त्याच्या भागातल्या मंडळानं १२ जानेवारीच्या कार्यक्रमाचा फलक करण्याचं काम त्याच्यावर सोपवलं होतं. १२ जानेवारी हा आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. या चौघांना १९३१ साली याच दिवशी पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी दिलं गेलं. भाचा माझ्या संगणकावर बसला आणि म्हणाला, "मामू, फोटू तो चारों के मिले, पन चारों अलग अलग दिखतें." खरंच होतं ते. एक छायाचित्र पिवळं पडलेलं, एक धुरकट, एक कुठल्या तरी छापील पानावरून घेतलेलं, तर एक इतकं काळं की डोळे दिसेनात.

त्यानं एक संकेतस्थळ उघडलं. तिथं छायाचित्र चढवायचं, दोन रंग निवडायचे आणि कळ दाबायची. गडद भागाला एक रंग लागतो, उजळ भागाला दुसरा. धुरकटपणा, डाग, पिवळेपणा सगळं त्या दोन रंगांत मुरून जातं. चित्र एकदम नवं आणि ठसठशीत दिसू लागतं. याला ड्युओटोन म्हणतात. मी कौतुकानं पाहत होतो. दहा मिनिटांत त्यानं चौघांची चित्रं तयार करून एका ओळीत मांडली. पहिले तीन चेहरे भगव्या रंगात होते. चौथा, कुर्बान हुसेन यांचा, हिरव्या रंगात.

पोरगं खुशीत होतं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट, आपण प्रत्येकाला ज्याचा त्याचा रंग दिला, याचंच त्याला समाधान होतं. मला मात्र काही क्षण बोलता येईना. शेवटी मी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसलो आणि त्याला या दोन रंगांचा इतिहास सांगितला. तोच आज आपल्यालाही सांगतो.

संगणक काय करतो ते आधी पाहू. रंगीत छायाचित्र दिलं, तर तो पहिल्यांदा त्यातले सगळे रंग काढून टाकतो. प्रत्येक बिंदू किती उजळ आणि किती गडद एवढंच ठेवतो. त्यासाठी शून्य ते २५५ अशी मोजपट्टी असते. शून्य म्हणजे संपूर्ण काळोख, २५५ म्हणजे संपूर्ण उजेड. हा उजेड मोजताना आपल्या डोळ्यांचा स्वभाव लक्षात घेतला जातो. डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो आणि निळा सर्वांत कमी. म्हणून एका रूढ हिशेबात शंभरातले सुमारे ५९ भाग हिरव्याला, ३० लालला आणि ११ निळ्याला मिळतात. अशी करड्या छटांची शिडी तयार झाली की तिच्या खालच्या टोकाला आपण निवडलेला एक रंग लावायचा आणि वरच्या टोकाला दुसरा. मधल्या पायऱ्या या दोहोंच्या मिश्रणानं भरतात. म्हणजे जे रंग चित्रात नंतर दिसतात, ते त्या माणसाचे नसतात, कॅमेऱ्याचेही नसतात. ते निवडणाऱ्याचे असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढं तिची गरज लागणार आहे.

ही युक्ती संगणकानं शोधलेली नाही. ती छापखान्यातली आहे. आणि ती मी पहिल्यांदा पाहिली ती माझ्या पहिल्या कवितासंग्रहाच्या वेळी. प्रकाशकांनी सांगितलं होतं, चार रंगांचं मुखपृष्ठ परवडणार नाही. दोन रंगांत करू. मी खट्टू झालो. छापखान्यात एक वयस्कर कारागीर होते. माझा चेहरा पाहून त्यांनी हातात भिंग दिलं आणि वर्तमानपत्रातलं एक छायाचित्र त्याखाली धरायला लावलं. चेहरा नाहीसा झाला आणि दिसू लागले ते नुसते काळे ठिपके. कुठं जाड, कुठं बारीक. ते म्हणाले, "शाईला करडा रंग कळत नाही, कविराज. ती कागदाला लागते किंवा लागत नाही. करडा जो दिसतो, तो तुमच्या डोळ्यांना झालेला भास."

या ठिपक्यांच्या छपाईला हाफटोन म्हणतात. छायाचित्र बारीक जाळीतून पुन्हा टिपायचं. जिथं सावली असेल तिथं मोठे ठिपके पडतात, जिथं उजेड असेल तिथं लहान. त्याचा धातूचा ब्लॉक करून मजकुराच्या खिळ्यांबरोबरच छापायचा. जर्मनीत म्युनिकच्या गेऑर्ग मायझेनबाख यांनी १८८२ साली अशा पद्धतीचं पेटंट घेतलं. तोवर वर्तमानपत्रांत छायाचित्र छापायचं तर कारागिराला ते लाकडावर किंवा धातूवर हातानं कोरावं लागे. आपल्याकडे कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर राय यांनी या हाफटोनचा खोल अभ्यास केला. इंग्लंडच्या 'पेनरोज'च्या वार्षिकात त्यांचे शास्त्रीय लेख छापून आले. सत्यजित राय हे त्यांचे नातू.

महाराष्ट्रात या विद्येचं नाव घ्यायचं, तर ते दादासाहेब फाळक्यांचं. आपण त्यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मुळे ओळखतो. पण चित्रपटाआधीचे फाळके हे छपाईतले माणूस होते. बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण आणि रंगीत ब्लॉक करण्याची कला शिकले. लोणावळ्याजवळ मळवलीला असलेल्या रविवर्मा प्रेससाठी त्यांनी काम केलं. पुढं स्वतःचा छापखाना काढला आणि रंगीत छपाईतलं नवं तंत्र समजून घेण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीला गेले. रंग कागदावर कसा उतरतो हे ज्याला पुरतं कळलं होतं, त्याच माणसानं आपल्याला हलती चित्रं दिली.

आता दोन रंगांकडे येऊ. त्या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा ब्लॉक लागे आणि कागद यंत्रातून पुन्हा एकदा न्यावा लागे. चार रंग म्हणजे चार वेळचा खर्च. म्हणून गरिबाची रंगीत छपाई ती दोन रंगांची. पण त्यात नुसती काटकसर नव्हती. एकट्या काळ्या शाईला छायाचित्रातल्या सगळ्या छटा पेलत नाहीत. मधल्या सावल्या, गालावरचा उजेड, कापडाची घडी यांचा गाळ होतो. म्हणून जाणते कारागीर एकाच चित्राचे दोन ब्लॉक करत. काळा ब्लॉक गडद भाग सांभाळायचा आणि तपकिरी किंवा निळसर शाईचा दुसरा ब्लॉक मधल्या छटा भरून काढायचा. दुसऱ्या ब्लॉकची जाळी पहिल्यापेक्षा तीस अंशांनी फिरवून घेत, नाहीतर ठिपक्यांवर ठिपके पडून चित्रावर चट्टेपट्टे उठत. त्या काकांनी माझ्या मुखपृष्ठाची पहिली प्रत यंत्रातून काढली, तेव्हा काळ्याखालून हळूच वर येणारी ती तपकिरी सावली पाहून माझा खट्टूपणा गेला. दोन रंगांना मी कमी समजत होतो. ते कमी नव्हते.

माझ्या पिढीतल्या श्रोत्यांना शाळेची पुस्तकं आठवत असतील. काळा आणि दुसरा एखादा रंग, एवढ्यात शेतकरी, बैल, आकाश, शिवाजी महाराजांचा किल्ला सगळं बसायचं. आकाश लाल असलं तरी आम्ही ते आकाशच समजायचो. कमतरता होती हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून फसगत होत नव्हती.

पडद्यावरही हेच झालं. मूकपटांच्या काळात परदेशात रात्रीच्या प्रसंगाची फिल्म निळ्या रंगात आणि आगीच्या प्रसंगाची लाल रंगात बुडवून काढत. आपल्याकडे प्रभात कंपनीनं १९३३ साली 'सैरंध्री'च्या रंगीत प्रती जर्मनीतून करून आणल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. मग १९३७ साली मुंबईच्या इंपीरियल कंपनीचे अर्देशीर इराणी, म्हणजे 'आलम आरा'चेच निर्माते, यांनी 'किसान कन्या' हा रंगीत बोलपट आणला. दिग्दर्शक मोती गिडवाणी. लेखन सआदत हसन मंटो यांचं. हा देशातच रंगीत तयार झालेला पहिला बोलपट. त्यात सिनेकलर ही पद्धत वापरली होती आणि ती पद्धत दोन रंगांची होती. फिल्मच्या एका बाजूला तांबूस नारिंगी, दुसऱ्या बाजूला निळसर हिरवा. दोन्ही मिळून चेहरे आणि कपडे बरे दिसत, पण अस्सल हिरवा आणि जांभळा या पद्धतीला जमत नसे. विचार करा, नाव 'किसान कन्या' आणि हिरव्या रंगाचीच अडचण! दोन रंग निवडले की बाकीचे रंग वगळले जातात. काय निवडलं याइतकंच काय वगळलं हेही महत्त्वाचं असतं.

इथवर भाचा शांतपणे ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "लेकिन मामू, मैंने क्या गलत किया?" त्याला उत्तर देण्यासाठी मी उठलो आणि कपाटातून आजोबांचं छायाचित्र काढलं.

आजोबा जुन्या मिलमध्ये कामाला होते. छायाचित्र त्यांच्या तरुणपणचं, शेरवानी घातलेलं. त्या काळी स्टुडिओत कृष्णधवल छायाचित्रावर हातानं रंग भरून देत. गालाला गुलाबी, ओठाला लाल. रंग भरणाऱ्यानं आजोबांचं नाव पाहिलं असावं, कारण शेरवानी त्यानं हिरवी रंगवली. आम्ही भावंडं लहानपणी समजत होतो की आजोबांची हिरवी शेरवानी होती. एकदा दादीमा ते चित्र पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "हरी कहां की? डाळिंबी होती." मी वाद घातला, कारण ज्या भागात रंग पोचला नव्हता, तिथं शेरवानी चक्क काळी दिसत होती. म्हणजे एकाच कपड्याबद्दल तीन साक्षी. छायाचित्र म्हणतं काळी, रंगारी म्हणतो हिरवी, आणि जिनं ती कित्येकदा झटकून घडी करून ठेवली, ती म्हणते डाळिंबी.

पुढं छायाचित्रणाबद्दल वाचलं तेव्हा कळलं, खरं दादीमांचंच असणार. त्या काळच्या पुष्कळ प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल वस्तू छायाचित्रात काळपट उतरे आणि निळं आकाश पांढरंफटक. म्हणजे जुन्या छायाचित्रातला करडा रंगसुद्धा भरवशाचा साक्षीदार नाही. आणि वरून दिलेला रंग तर साक्षीदारच नाही. तो देणाऱ्याचा अंदाज असतो. कधी तो प्रेमानं केलेला असतो, कधी सवयीनं. पण चौकटीत बसून भिंतीवर गेला की पुढची पिढी त्यालाच खरं मानते. आम्ही मानलंच होतं.

एका शेरवानीनं कुणाचं नुकसान होत नाही. आता झेंड्याकडे पाहू, कारण हे चौघे ज्या काळात झगडले, त्या काळात सोलापुरात सगळा झगडा झेंड्याभोवती चालला होता.

पहिली गोष्ट, आपल्या राष्ट्रध्वजाचा एक आरंभीचा आराखडा दोनच रंगांचा होता. १९२१ साली बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींपुढे जो झेंडा ठेवला, त्यात लाल आणि हिरवा असे दोन पट्टे होते. लाल हिंदूंसाठी, हिरवा मुसलमानांसाठी. गांधीजींनी त्यात इतर सर्वांसाठी पांढरा घालायला सांगितला आणि चरखाही आला. त्यातून जो स्वराज्याचा झेंडा झाला, त्यात सर्वांत वर पांढरा, मध्ये हिरवा आणि खाली लाल पट्टा होता. भगवा त्यात नव्हता.

सोलापूरच्या नगरपालिकेवर ६ एप्रिल १९३० रोजी राष्ट्रीय झेंडा लागला, तो हा झेंडा. पुढं ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. गिरणगावातलं वातावरण पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसं मेली. मंगळवार पेठेत पोलीसही मारले गेले. सरकारी अंमल काही दिवस शहरातून जणू उठून गेला आणि १२ मेपासून सुमारे सात आठवडे सोलापुरात लष्करी कायदा होता. त्या दिवसांत झेंडा बाळगणं हाच गुन्हा होता. त्यासाठी माणसांनी तुरुंगवास आणि दंड सोसले. मंगळवार पेठेतल्या दोन पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून या चौघांवर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ ला त्यांना फाशी झाली.

त्यानंतर सात महिन्यांनी, ऑगस्ट १९३१ मध्ये, काँग्रेसनं झेंडा बदलला. लालची जागा केशरीनं घेतली आणि तो वर गेला, पांढरा मध्ये आला, हिरवा खाली गेला. पण त्याहून मोठा बदल अर्थाचा होता. हे रंग कुठल्याही जमातीचे नाहीत, ते गुणांचे आहेत, असं तेव्हा स्पष्ट ठरवलं गेलं. केशरी धैर्याचा आणि त्यागाचा, पांढरा सत्याचा आणि शांतीचा, हिरवा श्रद्धेचा. रंग धर्मांत वाटून टाकले की भांडण लागतं, हे त्या पिढीनं दहा वर्षांत अनुभवलं होतं. म्हणून तिनं ती वाटणीच मोडली.

मी भाच्याला म्हटलं, "बेटा, आता बघ तू काय केलंस. केशरी पट्टा राष्ट्रीय झेंड्यावर यायच्या आधीच जे गेले, त्यांना तू भगवा दिलास. आणि जी वाटणी १९३१ साली मोडली, ती तू एका कळीनं पुन्हा चालू केलीस. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवत होते, गिरणी कामगारांत वावरत होते. सरकारनं त्यांना फासावर चढवताना वेगळा दोर आणला नव्हता. चौघांना एकच शिक्षा, एकाच तुरुंगात, एकाच दिवशी. मग फलकावर त्यांना वेगळं करणारे आपण कोण?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मंग काळे-पांढरेच ठेवू?" मी म्हटलं, ठेवायला हरकत नाही. पण त्याची अडचणही खरी होती. चार छायाचित्रं चार तऱ्हांची. एक पिवळं, एक धुरकट. ती शेजारी ठेवली की डोळा चेहऱ्याकडे जायच्या आधी कागदाच्या डागांकडे जातो. दोन रंगांनी ती एका पातळीवर येत होती. छापखान्यातल्या काकांनीही दुसरी शाई त्यासाठीच घातली होती. चेहरा नीट दिसावा म्हणून. युक्ती चांगलीच आहे. प्रश्न एवढाच की चौघांना एकच जोडी द्यायची, आणि ती कुठली?

जोडी सापडली ती घरातच. पलंगावर सोलापुरी चादर पसरलेली होती. आपल्या चादरीचं वैशिष्ट्य आपल्याला सांगायला नको. दुहेरी वीण, दोन रंगांचं सूत. एका बाजूला पांढरट जमिनीवर डाळिंबी फूल, उलटी केली की डाळिंबी जमिनीवर पांढरट फूल. कुठला रंग जमिनीचा आणि कुठला फुलाचा, हे तुम्ही चादर कशी टाकता त्यावर ठरतं. फ्रान्समधल्या लियों शहरातल्या जकार या विणकरानं १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी नक्षी विणण्याची सोय काढली. जिथं भोक तिथं धागा उचलायचा, जिथं नाही तिथं ठेवायचा. आहे किंवा नाही, याच हिशेबावर पुढं संगणक उभा राहिला. तेव्हा सोलापूरकराला दोन रंगांत चित्र कसं बसवावं हे संगणकानं शिकवायची गरज नाही. आपल्या मागावर ते कधीपासून बसतं आहे.

भाच्यानं चादरीवरून तेच दोन रंग उचलले. गडद भागाला डाळिंबी, उजळ भागाला पांढरट. चौघांनाही तेच. खाली प्रत्येकाचं नाव एकाच अक्षरात, एकाच मापात. माझ्या सांगण्यावरून तळाशी त्यानं एक बारीक ओळही घातली, "मूळ छायाचित्रे कृष्णधवल, रंग आम्ही दिलेले." त्याला ती अनावश्यक वाटत होती. मला दादीमांची शेरवानी आठवत होती.

फलक लागला तेव्हा मंडळातले एक-दोघे कुरकुरले. रंग उठून दिसत नाहीत, म्हणाले. पण मी तिथं उभा असताना एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन आल्या. मुलीनं विचारलं, "यातले कुर्बान हुसेन कोणते?" आईनं चारही चेहऱ्यांकडे पाहिलं, तिलाही एकदम सांगता येईना. मग ती मुलीला म्हणाली, "वाच ना खालचं नाव." मुलगी डावीकडून एकेक नाव बोट ठेवून वाचू लागली आणि कुर्बान हुसेनपर्यंत पोचेतो तिची चारही नावं वाचून झाली होती. रंगावरून ओळख पटली असती, तर तिनं एकच नाव पाहिलं असतं.

श्रोतेहो, आज प्रत्येकाच्या हातात हा खेळ आला आहे. लग्नाच्या पत्रिका, वाढदिवसाचे फलक, गेलेल्या माणसांच्या तसबिरी, सगळ्यांना आपण घरबसल्या रंग देतो. द्यावेत. माझा त्याला विरोध नाही. फक्त तीन गोष्टी कराव्यात अशी विनंती आहे. मूळ छायाचित्र जपून ठेवा, त्याची एक प्रत आहे तशी साठवा आणि रंग दुसऱ्या प्रतीवर द्या. रंग आपण दिला असेल तर मागे किंवा खाली तसं लिहून ठेवा. आणि घरात एखादी दादीमा, आजी, मावशी असेल, तर रंग देण्याआधी तिला विचारा. शेरवानी डाळिंबी होती हे सांगणारं माणूस आज आहे, उद्या असेलच असं नाही.

आमच्या भिंतीवर ती हिरवी शेरवानी अजून आहे. मी ती काढली नाही. चौकटीच्या मागे मात्र एक चिठ्ठी चिकटवली आहे, दादीमांची साक्ष म्हणून. त्यावर एवढंच लिहिलं आहे, "रंग डाळिंबी होता."